जर्मलचं पातेलं

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कोल्हापुरात माझी आजी गेली आणि मी जाऊ शकले नाही. पोलंडमधलं माझं निवासाचं कार्ड संपलं होतं, नव्यासाठी केलेल्या अर्जाला अकरा महिने झाले होते आणि पासपोर्टात होता फक्त एक शिक्का. निकाल लागेपर्यंत या देशात राहा, काम करा, एवढंच तो शिक्का सांगत होता. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना त्याचा उपयोग नव्हता. नवा व्हिसा काढावा लागला असता, आणि त्या दिवसांत व्हिसाची तारीख मिळायलाच महिने लागत होते. माझी नोकरी इथे, सात वर्षांची लेक इथे. नवरा म्हणाला, "तू ठरव, मी सांभाळतो." मी ठरवलं आणि गेले नाही. पंचगंगेच्या काठी आजीला अग्नी दिला तो मी चुलतभावाच्या फोनवरून पाहिला. मध्येच त्याची रेंज गेली आणि पडद्यावर नुसता धूर थांबून राहिला.

त्यानंतर पाच महिन्यांनी मी जशी वागले, त्याचं मूळ या दुःखात आहे असं मी बरेच दिवस धरून चालले होते. ते खरं नव्हतं, पण ते मला उशिरा कळलं.

आम्ही २०१७ पासून व्रोत्स्वाफमध्ये राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एका कंपनीत हिशेबाचं काम करते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि दोन दिवसांत आमच्या स्टेशनवर पूर्वेकडून गाड्या भरभरून यायला लागल्या. बायका, मुलं, म्हातारी माणसं, पिंजऱ्यात मांजरं. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे गाडीतून उतरणाऱ्या गर्दीत कर्ता पुरुष दिसतच नसे. नवरा ऑफिस सुटलं की स्टेशनवर जाई, सामान उचलू लागे, रात्री एक वाजता घरी येई. मी गेले नाही.

मला राग होता, आणि त्याला कारणं होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मराठवाड्यातल्या दोन वैद्यकीय विद्यार्थिनी आमच्याकडे चार रात्री राहिल्या. एकीच्या पायाची बोटं काळीनिळी झाली होती. सीमेपर्यंत त्या कित्येक किलोमीटर चालत आल्या होत्या आणि तिथे त्यांना बाजूला काढून आधी युक्रेनियन बायकामुलांना सोडलं गेलं होतं. ल्विवच्या स्टेशनवर गाडीत चढताना तिला हाताने मागे ढकललं होतं. खारकीवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी किराण्याच्या रांगेत उभा असताना तोफगोळ्याने गेला, ती बातमी तर घराघरांत पोहोचली होती. त्या मुलींना मी गरम पाण्यात पाय बुडवून बसवलं, पिठलंभात केला, त्यांच्या आयांना फोन लावून दिले. माझी सगळी माया तिथे खर्च झाली, आणि ती तिथेच खर्च होणं मला योग्य वाटत होतं.

मग १२ मार्चला इथे खास कायदा झाला. युक्रेनमधून आलेल्यांना दीड वर्ष कायदेशीर राहता येईल, लगेच काम करता येईल, मुलांना भत्ता, सरकारी ओळखक्रमांक, दवाखाना. त्यांना घरात ठेवून घेणाऱ्याला माणशी रोज चाळीस झ्लॉटी. माझा अर्ज तेव्हा सोळाव्या महिन्यात होता. आपल्या लोकांच्या गटावर मी लिहिलं, आणि ते वाक्य मला अजून पाठ आहे: "आम्ही कर भरतो, भाषा शिकतो, रांगेत उभे राहतो, यांना मात्र पायघड्या." खाली पस्तीसेक अंगठे आले. नवऱ्याने ते वाचलं आणि रात्री जेवताना एवढंच विचारलं, "त्यांची रांग कुठे होती?" मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मोठ्या बाईला इथे 'पानी' म्हणतात, आपल्या 'बाई'सारखं, तशी मी त्यांना हाक मारते. त्यांनी तळमजल्याच्या फळ्यावर कागद लावला होता: कुणाकडे जागा आहे, कुणाकडे गाद्या आहेत, नाव लिहा. आमच्याकडे एक खोली मोकळी होती. मी नाव लिहिलं नाही. आमचेच कागद अडकलेत, उगाच गोत्यात यायला नको, असं घरात सांगितलं. असं कुणी गोत्यात येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पानींनी स्वतःची आतली खोली खारकीवहून आलेल्या एका बाईला आणि तिच्या आठ वर्षांच्या मुलीला दिली.

एप्रिलमध्ये मी लेकीचं जुनं अभ्यासाचं टेबल विकायला काढलं. जाहिरात टाकली, दोनशे झ्लॉटी. संध्याकाळी दार वाजलं तर तीच बाई. तिला पोलिश फार येत नव्हतं, मला युक्रेनियन येत नव्हतं. तिने फोनवर आकडा लिहून दाखवला: १५०. मी मान हलवली. तिने १७० लिहिलं. मी पुन्हा मान हलवली. मला पन्नास झ्लॉटींची गरज नव्हती. मला तेव्हा वाटलं होतं की सगळं यांना सवलतीतच का मिळावं, निदान इथे तरी पूर्ण किंमत मोजावी. हे मी मनात शब्दांत म्हटलं होतं, म्हणून लपवत नाही. तिने पिशवीतून नोटा काढल्या, कमी पडल्या, मग नाणी मोजली. टेबल तिने आणि मुलीने दोघींनी मिळून वर नेलं, प्रत्येक मजल्यावर टेकवत. लाकूड पायऱ्यांवर आपटल्याचा आवाज मी दाराआडून ऐकला. नवरा त्या वेळी स्टेशनवर होता.

माझी आजी वळिवड्याची. कोल्हापूरच्या लोकांना माहीत असतं, बाहेरच्यांना सांगावं लागतं: १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. १९४० मध्ये सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधून त्यांना उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात टाकलं, तिथून जे जगले ते इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातले काही कोल्हापूर संस्थानात येऊन पोहोचले. त्यातही बायका आणि मुलंच जास्त. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. आजी तेव्हा अकरा वर्षांची. तिचे वडील छावणीत दूध घालायचे आणि आजी कधीकधी बरोबर जायची. त्या बायका उन्हाने लाल होत, मुलं पंचगंगेत पोहायला शिकली, दूध मोजून घेताना 'बास बास' म्हणायला शिकली, हे तिच्या गोष्टींमधलं. मी पोलंडला निघाले तेव्हा तिला केवढी गंमत वाटली होती. "जा पोरी, आपल्याच माणसांत चाललीस," म्हणाली होती.

त्यातली एक गोष्ट पातेल्याची. आमच्या घरी दूध तापवायला जर्मलचं मोठं पातेलं होतं, एका कानाचं. माझ्या लहानपणीसुद्धा ते वापरात होतं. छावणी उठायला लागली तेव्हा त्या बायका सामान विकत होत्या. जायचं कुठे हे त्यांचं त्यांनाच नक्की नव्हतं. लढाई संपली, पण त्यांची गावं आता सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेली होती. पोलंडमध्ये नवं सरकार आलं होतं आणि त्या सरकारच्या पोलंडला परत जायची पुष्कळांना भीती वाटत होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी पोलंडला, कुणी आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावणीत, कुणी पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडाला. एक मुलगी मराठी घरात सून होऊन कोल्हापुरातच राहिली. अशाच एका जाणाऱ्या बाईकडून पणजीने ते पातेलं घेतलं. बाईने रुपया सांगितला, पणजीने बारा आणे दिले. आजी पंधरा-सोळा वर्षांची, शेजारी उभी होती. ही गोष्ट सांगताना ती शेवटी नेहमी म्हणायची, "अडल्यालीकडनं घासाघीस केली आईनं. ती बाई काय बोलली न्हाई, नुस्तं पातेलं पुसून दिलं." आम्हा मुलांना यात सांगण्यासारखं काय आहे ते कळत नसे. आम्हाला पोहण्याची गोष्ट आवडायची.

टेबलाच्या दिवशी मला हे आठवलं असतं तर गोष्ट छान झाली असती. आठवलं नाही. आठवलं ते मेअखेरीस. आईचा फोन आला होता, मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळे गांधीनगरला निघाले होते. कोल्हापूरकरांना कापडखरेदी म्हणजे गांधीनगर. पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना जागा मिळाली, त्याचं पुढे गांधीनगर झालं. माझ्या लग्नाचा शालू तिथला आहे. आणि त्या माणसांना आमच्या भागात जुनी मंडळी कितीतरी वर्षं 'निर्वासित' म्हणत, नावाने नव्हे, 'त्या निर्वासिताच्या दुकानातनं आण'. आई सहज म्हणाली, "आजी असती तर म्हणाली असती, भाव करू नका गं फार." मी ओट्याशी उभी होते. पानींच्या वरच्या खोलीत टेबल सरकवल्याचा आवाज नेमका तेव्हाच आला असं मी लिहिणार नाही, तसं झालं नाही. पण मला ते पातेलं दिसलं, पुसून पुढे केलेलं, आणि पाठोपाठ नाणी मोजणारा हात. मी आईला 'नंतर करते' म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर मी बदलले असं म्हणणं खोटं ठरेल. मला फक्त लाज वाटायला लागली, आणि लाजेपायी मी त्या बाईला टाळायला लागले. जिन्यात पावलं ऐकली की दार लावून घ्यायचे.

दार उघडं राहिलं ते लेकीमुळे. सप्टेंबरमध्ये ती मुलगी लेकीच्याच वर्गात आली आणि दोघींनी आम्हाला न विचारता मैत्री करून टाकली. मग तिची आई आमच्याकडे यायला लागली. ती खारकीवला शाळेत भूगोल शिकवायची. इथे हॉटेलच्या खोल्या साफ करत होती. पोलिश ती माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने शिकली, भाषा जवळची. त्याचाही मला आधी हेवा वाटला होता, तो हळूहळू गेला. पानीही येत. एकदा मी त्यांना विचारलं, तुमच्या घरच्यांना युद्धात युक्रेनियन लोकांनी त्रास दिला असं तुम्हीच सांगितलं होतं, मग यांना घरात कसं घेतलंत? हे शहर १९४५ पर्यंत जर्मन होतं, ब्रेसलाउ. जर्मनांना इथून हाकललं आणि पूर्वेकडून हाकललेले पोलिश लोक त्यांच्या घरांत आणून बसवले, पुष्कळसे ल्विवचे, म्हणजे पोलिश लोकांच्या ल्वूफचे. पानींचे आईवडील त्यांच्यातलेच. त्या म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा कपाटात त्या लोकांच्या बशा तशाच होत्या. माझी आई त्यातच जेवण वाढायची आणि दर वेळी म्हणायची, कुणाच्या असतील." मग त्यांनी चहात साखर घातली आणि विषय बदलला.

२०२३ च्या फेब्रुवारीत त्या बाईची आई खारकीवमध्ये वारली. आमच्या दारात उभी राहून तिने आधी हिशेब सांगितला, मग मरणाची बातमी. तीस दिवसांपेक्षा जास्त पोलंडबाहेर राहिलं की इथला दर्जा जातो, म्हणून ती बारा दिवसांतच परत येणार होती; मुलीला तेवढे दिवस ठेवाल का? तिच्या तोंडचे ते आकडे ऐकताना मला माझा शिक्का आठवला. विमानं बंद होती. प्शेमिश्लपर्यंत गाडी, तिथे गाडी बदलून सीमेपार कीवला, तिथून पुढे खारकीव. ती पोहोचली तेव्हा आईला पुरून झालं होतं.

ते बारा दिवस मुलगी आमच्याकडे होती. वरणभात तिला आवडला, लोणचं नाही. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास घरात भोंगा वाजला. आम्ही दोघं धडपडत उठलो. तो तिच्या फोनमधून येत होता. हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲप तिने खारकीवसाठी चालू ठेवलं होतं, इथे आल्यापासून रोज. ती पलंगावर ताठ बसली होती, पडद्याकडे बघत. "मामा तळघरात गेली," म्हणाली. त्यांच्यात आईला मामा म्हणतात. मी म्हटलं, आवाज बंद कर, झोप. ती म्हणाली, बंद केला तर मला कळणार कसं? नऊ वर्षांच्या मुलीला यावर काय सांगायचं ते मला आलं नाही. मी शेजारी बसून राहिले. पावणेपाचला इशारा उठल्याची खूण आली, ती आडवी झाली आणि लगेच झोपली. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, आणि ते रडणं आजीसाठीही होतं.

त्या पहाटे मला जे कळलं ते असं. माझा अर्ज सोळा महिने पडून राहिला, त्याचं उत्तर मला अर्ज ठेवणाऱ्यांकडे मागायला हवं होतं. ते मागायची भीती वाटत होती, कारण माझं कार्ड त्यांच्या हातात होतं. नाणी मोजणाऱ्या बाईची भीती वाटत नव्हती. आजीचं दुःख मी या सगळ्यापुढे ढालीसारखं धरलं होतं.

आणि त्याहून आधीची एक गोष्ट आहे, जी मी घरातसुद्धा उशिरा बोलले. ज्या ऑक्टोबरात आजी गेली, त्याच ऑक्टोबरात पोलंडच्या पूर्व सीमेवर बेलारूसकडून आलेली माणसं जंगलात अडकली होती. इराक, सीरिया, येमेन, अफगाणिस्तानची. बेलारूस त्यांना पुढे ढकलत होता, पोलंड मागे. बियावोविएझाच्या जंगलात थंडीने माणसं मरत होती. सीमेजवळच्या काही गावकऱ्यांनी घरावर हिरवे दिवे लावले होते: इथे या, खायला मिळेल, पोलिसांना सांगणार नाही. हे सगळं मी रोज वाचत होते आणि मला त्यांची दया आली नाही. मला धास्ती वाटत होती की रस्त्यात कुणी मला त्यांच्यातली समजेल. त्या हिवाळ्यात मी ऑफिसचं ओळखपत्र कोटावरून, सगळ्यांना दिसेल असं गळ्यात घालून ट्रामने फिरत होते. २०२२ च्या जूनमध्ये तिथे साडेपाच मीटर उंच, १८६ किलोमीटर लांब पोलादी कुंपण पूर्ण झालं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज हे लिहिताना हात जड होतो. त्या माणसांसाठी मी काहीही केलं नाही, आणि आता इथून कपडे, चपला पाठवते त्याने ते भरून निघत नाही. २०२५ च्या मार्चपासून तर त्या सीमेवर आश्रय मागायचा हक्कच सरकारने स्थगित केला, आणि पुन्हापुन्हा मुदत वाढवली. त्याविरुद्ध इथल्या सभेला आम्ही तिघं गेलो होतो. गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

आम्हाला २०२४ मध्ये दीर्घकालीन निवासाचं कार्ड मिळालं. वरच्या मजल्यावरच्या त्या बाईचं मात्र तसंच लटकलेलं राहिलं. दीड वर्षाचे कागद वाढत वाढत २०२४ चा मार्च, मग जून, मग २०२५ चा सप्टेंबर असे आले. दर वेळी मुदतीच्या आधी महिनाभर ती काहीच विकत घेत नाही. मुलीचे बूट लहान झाले तरी थांबते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी मुदतवाढीच्या कायद्यावर सही नाकारली आणि पूर्ण महिना कुणालाच काही माहीत नव्हतं. शाळा सुरू झाली होती, आणि मुलगी रोज घरी येऊन विचारत होती की वर्गाच्या सहलीचे पैसे भरायचे का. सप्टेंबरअखेर नवा कायदा आला, ४ मार्च २०२६ पर्यंतचा. त्यात मुलांचा मासिक भत्ता आईवडिलांच्या नोकरीशी जोडला होता, त्यामुळे पगाराचे कागद, विम्याचे कागद. हे माझं रोजचं काम. त्यानंतरच्या एका शनिवारी ती सगळं घेऊन खाली आली आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसलो. दोघी मुली आत पत्ते खेळत होत्या.

विम्याचे आकडे जुळवताना मी तिला सांगितलं. साडेतीन वर्षं सांगायचं होतं. तुला टेबल विकलं तेव्हा मी मुद्दाम भाव कमी केला नव्हता, म्हटलं. मला ते पैसे नको होते. तुला पूर्ण मोजायला लावायचं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. दोनशे. शेवटची वीस मी पानींकडून उसनी आणलेल्या नाण्यांत दिली होती."

आणि तिने पुढचं पान माझ्याकडे सरकवून विचारलं, इथे सही कुठे करायची.